शहाण्याने पायरी चढावी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरही ऐकवते. ख्रिस्ती घरात तिला एक पुरवणी जोडलेली असते : ख्रिस्ती माणसाने तर मुळीच चढू नये. गेल्या काही वर्षांत ही पुरवणी मला कितीजणांनी ऐकवली त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात ऐकवली, लग्नाच्या मांडवात ऐकवली, एकदा तर दफनभूमीच्या फाटकाशी, हातातली माती झटकता झटकता ऐकवली. कारण एवढेच की, मी नांदेडच्या एका गॅरेजवाल्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आणि तो गॅरेजवाला आपल्याच श्रद्धेचा निघाला.

'निघाला' हा शब्द खरे तर अप्रामाणिक आहे. तो आपल्या श्रद्धेचा आहे हे मला आधीच ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच मी किनवटहून भोकरमार्गे एवढ्या लांब, आजारी गाडी हाकत त्याच्याकडे गेलो होतो. गॅरेजच्या भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर आहे, तिच्यापुढे विजेचा लाल दिवा अहोरात्र जळत असतो. त्या दिव्याच्या भरवशावर मी किल्ली त्याच्या हाती दिली. माझा हा लेख त्या गॅरेजवाल्याविरुद्ध नाही. त्याचा निवाडा जेथे व्हायचा तेथे झाला. माझा वाद आहे तो त्या पुरवणीशी, आणि ती पुरवणी शुभवर्तमानाच्या नावावर खपवणाऱ्या आपणा सर्वांशी. त्या 'सर्वां'मध्ये मी स्वतः अग्रभागी होतो. ते पुढे येईलच.

आधी हकिकत थोडक्यात. माझी गाडी म्हणजे एक जुनी ओम्नी. २०२३ च्या जूनमध्ये तिचे पाणी कमी होऊ लागले, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला, चढावर इंजिन तापू लागले. गॅरेजवाल्याने बॉनेटला हात लावण्यापूर्वीच सांगितले, हाफ इंजिन करावे लागेल : रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, सगळे नवे. आठ दिवसांनी तेवीस हजार सहाशे रुपये घेतले आणि वहीचा एक कागद फाडून त्यावर आकडे लिहून दिले. जुने पार्ट मागितले तेव्हा ते भंगारात गेले असे उत्तर मिळाले. तीन आठवड्यांच्या आत हिमायतनगरच्या अलीकडे गाडीने पुन्हा तोच पांढरा धूर सोडला. ती ओढत किनवटला आणली आणि येथल्या एका वृद्ध मुसलमान मिस्त्रींपुढे उभी केली. त्यांनी हेड उतरवले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "मास्तर, हे इंजिन कुणी खोललेलंच नाही." गॅस्केट जुने, जळलेले, रिंगा जुन्या, हेडला फेसिंग मारल्याची खूण नाही. रेडिएटरमध्ये मात्र गळती तात्पुरती बुजवणारी भुकटी सापडली. तेवीस हजार सहाशे रुपयांची ती भुकटी होती.

आता पुरवणीकडे वळू. तिचे तीन आधार सांगितले जातात : दुसरा गाल पुढे करण्याची प्रभूची शिकवण, सत्तर वेळा सात क्षमा करण्याची आज्ञा, आणि करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय. तिन्ही आधार भक्कम आहेत. मात्र आपण त्यांच्यावर जी इमारत उभी करतो ती त्यांची नव्हे.

गालापासून सुरुवात करतो. पर्वतावरील प्रवचनात प्रभूने सूडाची मुळी उपटून टाकली, यात शंका नाही. परंतु त्याच प्रभूच्या गालावर महायाजकाच्या वाड्यात एका शिपायाने प्रत्यक्ष चपराक मारली तेव्हा काय घडले, हे योहानाने नोंदवून ठेवले आहे. प्रभूने निमूटपणे दुसरा गाल पुढे केला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर मारलेस का, असा खडा सवाल त्याने केला. म्हणजे पुरावा मागितला. हात उचलला नाही, शाप दिला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हणण्याचे टाळलेही नाही. सूड आणि सवाल यांतले अंतर ज्याला कळत नाही त्याने गालाच्या वचनाचा उपदेश दुसऱ्यांना करू नये.

संत पौलाचे तर विचारूच नका. फिलिप्पै शहरात त्याला व सिलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की, गुपचूप निघून जा. आपल्यातला कुणी असता तर परमेश्वराचे आभार मानून मागच्या दाराने निघून गेला असता. पौलाने नकार दिला. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला उघड्यावर मारले आणि आता चोरून काढता काय. स्वतः येऊन बाहेर न्या, असे त्याने बजावले, आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे कैसरियात न्यायाचा सौदा होतो आहे असे दिसताच त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. नागरिकाचा हक्क वापरणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे त्याला वाटले असते तर तो रोमला त्या मार्गाने पोहोचलाच नसता.

मग करिंथकरांचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण माझा प्रतिवादी भाऊच होता. भावाने भावाविरुद्ध परक्यांपुढे दावा लावावा याबद्दल पौल संतापला आहे, आणि त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नाडले का जात नाही, असे विचारतो आहे. हे वाक्य मला अनेकांनी तोंडपाठ म्हणून दाखवले. त्याच्या पुढचे मात्र एकानेही म्हटले नाही. पुढे तो नाडणाऱ्यांकडे वळतो : तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. आणि त्याच्याही आधी त्याने एक बोचरा प्रश्न केला आहे : भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे पौलाची तक्रार अशी की, मंडळीने स्वतःचे न्यायाचे आसन मांडायला हवे होते, ते मांडले नाही. निवाडाच होऊ नये, असे त्याने कोठे म्हटले आहे?

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने हा प्रश्न मनावर घेतला. चौथ्या शतकात बादशहा कॉन्स्टंटाइनने बिशपांपुढील निवाड्यांना कायद्याची मान्यता दिली. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन कित्येकदा जेवणाच्या वेळेपर्यंत, कधी दिवसभर उपाशी, लोकांचे जमिनीचे, वारशाचे, देण्याघेण्याचे तंटे ऐकत बसत. त्यांना ते जड जाई, अभ्यासाचा वेळ गेल्याचे दुःख होई. पण ते उठून गेले नाहीत. आज आपल्या धर्मग्रामांत सणाची समिती असते, गायकवृंदाची असते, मांडवाची आणि जेवणावळीचीही असते. एका विधवेचे पैसे दुसऱ्या कुटुंबाने बुडवले तर तिने कोणाकडे जावे, याची समिती मी तरी पाहिलेली नाही. आपण पौलाने सांगितलेला दरवाजा बांधत नाही आणि सरकारने बांधलेल्या दरवाजापुढे आडवे उभे राहतो. मग ज्याचे गेले त्याने जायचे कोठे? घरी, हात हलवीत. आणि याला आपण क्षमा असे गोंडस नाव देतो.

क्षमेविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे. सत्तर वेळा सात हे उत्तर पेत्राला मिळाले ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात. त्याच अध्यायात, त्या उत्तराच्या थोडेच आधी, भावाने अपराध केला तर काय करावे याची पायरीपायरीने रीत दिली आहे. आधी एकटा जा आणि त्याची चूक त्याच्या पदरात घाल. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षी राहतील. त्यांचेही ऐकले नाही तर मंडळीला सांग. मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परका. साक्षीपुराव्याची ही व्यवस्था आणि अमर्याद क्षमा, दोन्ही एकाच मुखातून, एकाच प्रसंगी आलेली आहेत. आणि त्यानंतरच्या दृष्टांतातला राजा चाकराचे अफाट कर्ज सोडतो, ते त्याचे स्वतःचे येणे असते. दुसऱ्याचे येणे सोडून देण्याचा अधिकार त्या राजाही वापरत नाही. आपण मात्र चर्चच्या पायरीवर उभे राहून दुसऱ्याचे येणे फार उदारपणे सोडतो.

शिवाय क्षमा आणि भरपाई या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या धर्मशिक्षणात पहिल्यापासून सांगितलेले आहे. पापनिवेदन केले म्हणजे चोरीचा माल आपला होत नाही. तो परत करावाच लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेड ही तारणासाठी आवश्यक मानली. लेवीयच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेले मूळ परत करताना वर पाचवा हिस्सा घालावा असे आहे, आणि तेही दोषार्पण वेदीवर नेताना. जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले, आणि त्या घरी तारण आल्याचे प्रभूने त्यानंतर सांगितले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली ज्या गोष्टी अनैतिक म्हणून सांगितल्या आहेत, त्यांत वाईट रीतीने केलेले काम आणि खोटी बिले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गॅरेज, सुतारशाळा, शिवणयंत्र, दवाखाना, सर्वांना तो लागू आहे. ज्याने लुबाडले त्याला परतफेडीची संधीच न देणे, ही त्याच्यावरही दया नव्हे. आपण त्याला पाप पचवायला मदत करतो.

तेथेच करचुकवेगिरीचाही उल्लेख आहे, आणि आता मला खाली मान घालणे भाग आहे. वहीच्या कागदावरची कच्ची पावती मी आनंदाने घेतली होती. पक्के बिल केले तर जीएसटी लागेल, असे गॅरेजवाला म्हणाला, आणि मी मानेनेच होकार दिला. पक्के बिल न देणे ही नव्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण ती प्रथा चालते ती माझ्यासारख्यांच्या माना हलतात म्हणून. आयोगापुढे मला याच कागदाने सर्वांत जास्त छळले. फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद बँकेत होती म्हणून मी तरलो.

मी त्या अठराव्या अध्यायाच्या क्रमानेच गेलो. आधी एकटा गेलो. दिव्याखाली बसून चहा घेतला, पदरात काही पडले नाही. मग दोन वडीलधाऱ्या गृहस्थांना नेले. त्यांच्यासमोर तो म्हणाला, इंजिन जुने आहे, मी काय करू. मग फादरांकडे गेलो. फादरांनी त्याला दोनदा बोलावले, तो दोन्ही वेळा आला नाही. त्यानंतर मी पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. पंधरा दिवस वाट पाहिली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तक्रार नोंदवली.

या कायद्याविषयी आपल्या कुटुंबांत इतके अज्ञान आहे की, चार गोष्टी येथे सांगितल्याच पाहिजेत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, दुसऱ्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. म्हणजे या लढाईत महाराष्ट्र मागे नव्हता. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याने वस्तूंबरोबर सेवाही आपल्या कक्षेत घेतली, आणि पैसे घेऊन केलेली गाडीची दुरुस्ती ही सेवाच आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्यात येते असा निवाडा दिला. २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. पूर्वीच्या 'मंचा'ला आता 'आयोग' म्हणतात. त्याने आपल्यासारख्या आडगावच्या माणसासाठी एक फार मोठी गोष्ट केली. पूर्वी साधारणपणे प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो, किंवा जेथे घटना घडली, तेथेच तक्रार करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगातही करता येते. किनवटच्या माणसाची गाडी आदिलाबादला बिघडवली गेली, तरी त्याला तेलंगणात खेटे घालण्याची गरज नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज, शपथपत्र आणि कागदांच्या प्रती पुरतात. अर्ज ऑनलाइनही करता येतो. प्रतिवादीला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्यापलीकडे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरवून दिले. आदेश झाल्यावर तो न पाळणाऱ्याला किमान एक महिन्याची कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गॅरेजवाला गाडी अडवून ठेवील, ही भीती बरेचजण बोलून दाखवतात. १८७२ च्या करार कायद्याने कारागिराला, ठरलेले काम नीट पार पाडले असेल तर, त्या कामाच्या मजुरीपुरती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क दिला आहे, हे खरे. पण न केलेल्या कामासाठी नाही. आणि ताब्यात असताना त्या वस्तूची स्वतःच्या वस्तूसारखी काळजी घेण्याचे बंधन त्याच्यावरही घातले आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. माझा लागायला एक वर्ष चार महिने लागले. देशभर आयोगांतल्या जागा इतक्या रिकाम्या पडल्या होत्या की, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. किनवटहून नांदेडला जाऊन परत येणे म्हणजे दिवस मोडणे. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घेण्याची तरतूद आहे. माझ्या बाबतीत ती कागदावरच राहिली. सात तारखांपैकी चार तारखांना पुढची तारीख घेऊन मी संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो.

म्हण खोटी आहे असेही मी म्हणत नाही. ती ज्या काळातून आली त्या काळी खरीच होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती उगाच नव्हे. कोर्ट हे तेव्हा सावकाराच्या हातातले शस्त्र होते, आणि कुणब्याला ती पायरी चढावी लागे ती जमीन गमावण्यासाठी. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात गोंडांनी जंगल साफ करून कसलेल्या जमिनी कागदाच्या जोरावर दुसऱ्यांच्या झाल्या; १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला तो याच दुखण्यातून. या मुलखातल्या गरिबाला कागदाची धास्ती बसली आहे ती भ्याडपणाने नव्हे, अनुभवाने. परंतु ज्या दरवाजातून दुबळ्याला बाहेर ढकलत असत त्याच्याविषयीची म्हण, दुबळ्याला आत घेण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या दरवाजावर का लटकवावी? लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा अशाच एका दरवाजावर रोज जाऊन उभी राहत होती. तिचा न्यायाधीश देवाला भीत नव्हता की माणसाला मानत नव्हता. तरी प्रभूने तिला घरी बसून क्षमा करायला सांगितले नाही; प्रार्थना कशी करावी हे शिकवण्यासाठी तिलाच पुढे उभे केले.

मिस्त्रींविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी सगळी तक्रार त्यांच्या शपथपत्रावर उभी होती. ते देऊ नये म्हणून त्यांच्या धंद्यातल्या लोकांनी त्यांच्यावर दडपण आणले. एका मिस्त्रीने दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायचे नसते, असा त्यांच्यातही एक अलिखित नियम आहे. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःहून तहसीलच्या रस्त्याला स्टॅम्पपेपर घेऊन उभे होते. माझ्याकडून त्यांनी त्या दिवसाची मजुरीही घेतली नाही. मला त्याच आठवड्यात आपल्यातले दोघे सांगून गेले होते की, आपल्या माणसाची अब्रू परक्या धर्माच्या माणसाच्या साक्षीने घालवू नकोस. शोमरोनी माणसाचा दृष्टांत आपण दर वर्षी ऐकतो आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून त्याची नाटुकली बसवून घेतो. असो.

२०२५ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. मागितले होते त्यापेक्षा कमी मिळाले : मूळ रकमेतून वीस हजार रुपये, त्यावर व्याज, मनस्तापाचे तीन हजार आणि खर्चाचे दोन हजार. गॅरेजवाल्याने मुदतीत भरले. मला ते पाचव्या हिश्शाचे नियमशास्त्र आठवले. हिशेब फारसा चुकला नव्हता. त्यानंतर एका रविवारी त्याची माझी चर्चमध्ये गाठ पडली. शांतीच्या चिन्हाच्या वेळी मी हात जोडले, त्यानेही जोडले. बाहेर आल्यावर बोललो मात्र नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

माझ्या आधी, २०२२ च्या फेब्रुवारीत, आमच्या धर्मग्रामातला एक तरुण त्याच गॅरेजमध्ये गेला होता. किनवट-माहूर रस्त्यावर तो काळी-पिवळी जीप चालवी. जीप फायनान्सवर घेतलेली. इंजिनाच्या कामाचे त्याने अडतीस हजार रुपये रोख दिले, त्यासाठी बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवले. महिन्याच्या आत माहूरच्या घाटात इंजिन जाम झाले. कच्ची पावती घेऊन तो माझ्याकडे आला, कारण मी शिकलेला, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारा. काय करू, असे त्याने विचारले. मी त्याला सत्तर वेळा सात सांगितले. भाऊ आहे, क्षमा कर, देव भरून देईल, असे म्हणालो. तेव्हा मला शांत वाटले होते, हेही कबूल करतो. त्याने माझे ऐकले. हप्ते थकले, कंपनीने जीप ओढून नेली. आज तो दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने चालक आहे.

पुढच्या वर्षी तीच वेळ माझ्यावर आली तेव्हा मला क्षमेचे ते वचन आठवले नाही, मत्तयाचा सबंध अध्याय आठवला. स्वतःचे तेवीस हजार गेल्यावर माणूस धर्मग्रंथ अधिक काळजीपूर्वक वाचतो. माझ्या तक्रारीचे कागद मी प्लॅस्टिकच्या फाइलीत तारीखवार लावून ठेवत होतो. त्या दिवसांत एकदाही माझ्या मनात आले नाही की, कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि त्या तरुणाची मुदत माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या तारखांच्या मधोमध, २०२४ च्या प्रारंभी संपते आहे. स्वतः चालवून पोट भरणारा असल्यामुळे तो कायद्याने ग्राहकच होता; धंद्याची गाडी म्हणून त्याला कोणी परत पाठवले नसते.

माझ्या निकालाची बातमी फिरली तेव्हा तो घरी आला. पेढे घेऊन आला. चहा झाल्यावर खिशातून घडी घातलेला तोच कागद काढला; घडीवर तो फाटत आला होता. "सर, आता माझंही होईल ना?" असे विचारले. मला मुदतीचे सांगावे लागले. तो रागावला नाही. "मला तेव्हा हे माहीत नव्हतं," एवढेच म्हणाला. मलाही नव्हते, असे मी म्हणू शकलो असतो. पण मी माहीत करून घेण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

उशिराला पुरेसे कारण दाखवता आले तर आयोग तो उशीर माफ करू शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. कचेरीच्या भाषेत त्याला विलंबमाफीचा अर्ज म्हणतात. त्याच रात्री आम्ही दोघे तो लिहायला बसलो. त्याचे नाव, पत्ता, जीपचा क्रमांक, रक्कम, तारखा हे सर्व भराभर झाले. उशिराच्या कारणापाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी पेन घेतले आणि माझे नाव लिहिले, त्याला काय सल्ला दिला होता ते लिहिले, आणि खाली माझे स्वतःचे शपथपत्र जोडले. तो अर्ज आयोगापुढे आहे. पुढच्या तारखेला आम्ही दोघे सकाळच्या गाडीने नांदेडला जाणार आहोत.